तेलात ओझोन असतो कुठे?

सीलबंद पाण्याच्या बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की या पाण्यावर ओझोनची प्रक्रिया केली आहे. कारखान्यात बाटली भरताना पाण्यात ओझोन वायू सोडतात. तो जंतू मारतो आणि लगेच विरायला लागतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात वीसेक मिनिटांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. आपण झाकण उघडतो तोवर त्या पाण्यात ओझोनचा मागमूस राहिलेला नसतो, आणि राहूही नये.

औषधांच्या दुकानांत अलीकडे 'ओझोनेटेड ऑइल' अशा छोट्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. नायटा, नखांची बुरशी, मुरुमं, चिघळलेली जखम, टाचांच्या भेगा, अशी भली मोठी यादी वेष्टनावर असते आणि मुदत असते वर्षा-दोन वर्षांची. इथे विचार करणारा माणूस अडखळतो. जो वायू पाण्यात धड एक दिवस राहत नाही, तो तेलात दोन वर्षं कसा राहील?

राहत नाही. ओझोनेटेड तेलाच्या बाटलीत ओझोन नसतो.

मग त्या बाटलीत काय असतं, हे कळलं की पुढचे सगळे प्रश्न त्याच धाग्यानं सुटत जातात: हे तेल जंतूंवर कसं काम करतं, कोणत्या तेलापासून ते नीट बनतं, ते कुठे ठेवावं, कोणत्या दुखण्यात त्याचा उपयोग होऊ शकतो आणि कोणत्या दुखण्यात त्याच्या नादी लागणं धोक्याचं आहे. हे समजून घ्यायला ग्वाल्हेर ही मोठी सोयीची जागा आहे. मुरैना, भिंड, ग्वाल्हेर हा सगळा पट्टा मोहरीचा; हिवाळ्यात अंगाला चोळायला कच्च्या घाणीचं मोहरीचं तेल इथल्या घराघरांत असतं. तिळाची ओळख इथे गजक या तिळाच्या मिठाईमुळे लहानपणीच होते. आणि मराठी घरांनी खोबरेल काही सोडलेलं नाही. मोहरी, तीळ आणि खोबरं ही तिन्ही तेलं ओझोनशी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी वागतात.

तीन अणूंचा अस्थिर रेणू

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. ओझोनच्या रेणूत तीन. या तीन अणूंची जोडणी सैल असते आणि त्यातला एक समोर जे सापडेल त्याला चिकटायला बघतो. एखाद्या पदार्थाला असा ऑक्सिजन जोडला जाण्याला रसायनशास्त्रात 'ऑक्सिडीकरण' म्हणतात. लोखंड गंजतं तेही ऑक्सिडीकरणच, फक्त फार संथ. ओझोन ते काम क्षणात करतो.

बासेलचे रसायनशास्त्रज्ञ शॉनबाइन यांनी १८३९ साली हा वायू ओळखला. पाण्यातून वीज सोडताना येणारा एक विशिष्ट दर्प त्यांनी पकडला होता; झेरॉक्सच्या दुकानात जुनं यंत्र बराच वेळ चाललं की तसाच वास येतो. १८५७ मध्ये जर्मनीत सीमेन्स यांनी विजेच्या सूक्ष्म ठिणग्यांमधून ऑक्सिजन नेऊन ओझोन बनवण्याचं उपकरण तयार केलं. आजची यंत्रंही मुळात त्याच तत्त्वावर चालतात. १९०६ पासून फ्रान्समधल्या नीस शहराचं पाणी ओझोननं शुद्ध होऊ लागलं.

जखमांवर त्याचा प्रयोग झाला तो पहिल्या महायुद्धात. लंडनच्या क्वीन अलेक्झांड्रा लष्करी रुग्णालयात मेजर जॉर्ज स्टोकर यांनी सैनिकांच्या चिघळलेल्या जखमांवर ओझोन वायू सोडला आणि १९१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २१ रुग्णांचा अहवाल दिला. पेनिसिलिनचा शोध तेव्हा लागायचा होता. जखमेत पू झाला की पाय कापायचा किंवा नशिबावर हवाला ठेवायचा, असा तो काळ होता. अशा वेळी एका वायूनं जखम स्वच्छ होते, ही मोठीच गोष्ट होती.

पण वायूची अडचण वायूचीच. तो जखमेवर थांबत नाही, हवेत पसरतो, आणि श्वासावाटे आत गेला तर जंतूंना जे करतो तेच फुफ्फुसांच्या नाजूक अस्तराला करतो. खोकला, छातीत जळजळ, दमेकऱ्याला दम्याचा झटका. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आपल्या नियमांत ओझोनला विषारी वायू म्हटलं आहे आणि माणसांचा वावर असतो अशा बंद जागेत एखाद्या उपकरणातून निघालेल्या ओझोनचं प्रमाण हवेच्या १० कोटी भागांत ५ भागांपेक्षा जास्त साचता कामा नये, अशी मर्यादा घातली आहे. ओझोनची ताकद हवी पण वायू नको, अशी ही गरज होती. तेल ती गरज भागवतं.

तेल ओझोनला कुठे अडवतं

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या एका छोट्या कण्याला जोडलेल्या तीन लांब साखळ्या. या साखळ्यांना मेदाम्लं म्हणतात. प्रत्येक साखळी कार्बनच्या अणूंची, साधारण १२ ते २२ अणू लांब. काही साखळ्यांत सगळे कार्बन एकमेकांना एकेरी बंधानं जोडलेले असतात. ती झाली संपृक्त मेदाम्लं. काहींत मध्येच दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतो, ती असंपृक्त. दुहेरी म्हटलं की जास्त मजबूत असं वाटतं, पण ओझोनच्या दृष्टीनं हीच जागा उघडी असते. तिथे दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची जादा गर्दी असते आणि ओझोन नेमका तिथे येऊन बसतो.

पुढे काय होतं, याचा उलगडा १९४९ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्रीगे यांनी केला. ओझोनचे तीन अणू दुहेरी बंधावर बसतात, पण ती रचना ठरत नाही. साखळी त्या जागी तुटते आणि दोन तुकडे होतात. त्यातला एक तुकडा अल्डिहाइडचा. दुसरा फार अल्पायुषी. त्याला आज क्रीगे यांचंच नाव आहे. हे दोन्ही तुकडे तेलाच्या दाटीत एकमेकांपासून लांब जाऊ शकत नाहीत, म्हणून बहुतेक वेळा पुन्हा जोडले जातात, आणि आता त्यांच्यामध्ये तीन ऑक्सिजन व दोन कार्बन यांचं एक पाच अणूंचं कडं तयार होतं. हे कडं म्हणजे ओझोनाइड. जवळपास पाण्याचा अंश असेल तर काही तुकडे कडं न करता हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगं बनवतात. बाटलीत असतात ती ही: ओझोनाइडं, हायड्रोपेरॉक्साइडं, थोडी अल्डिहाइडं आणि आम्लं.

ओझोनमधला ऑक्सिजन आता तेलात बांधला गेला आहे, पण त्याची ताकद विझलेली नाही. पूर्वी घरोघर रात्री चुलीतला निखारा गोवरीच्या राखेखाली झाकून ठेवत. ज्वाळ नाही, धूर नाही, पण सकाळी राख बाजूला केली की विस्तव तयार. ओझोनाइड असा राखेखालचा विस्तव आहे. अंगाची ऊब आणि जखमेचा ओलावा मिळाला की ते कडं हळूहळू उलगडतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे पदार्थ थोडेथोडे बाहेर पडत राहतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आपल्या ओळखीचं आहे. जखम धुताना फेस येतो तेच. पण नुसतं ओतलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड काही मिनिटांत संपतं. तेलातलं काही तास झिरपत राहतं. 'ओझोनेटेड' हे नाव त्यामुळे काहीसं फसवं ठरतं. औषध म्हणून पाहिलं तर हे सावकाश पेरॉक्साइड सोडणारं तेल आहे.

खोबरेल, तीळ, मोहरी

ओझोनला जागा मिळते ती फक्त दुहेरी बंधांवर. मग कोणत्या तेलात ती जागा किती, हे आधी पाहायला हवं. त्यासाठी तेलाच्या धंद्यात एक जुना आकडा आहे: आयोडीन मूल्य. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेतं, ते. आयोडीनही दुहेरी बंधांवरच बसतं, म्हणून आकडा मोठा तर दुहेरी बंध जास्त.

खोबरेलाचं आयोडीन मूल्य साधारण ७.५ ते १०. तिळाच्या तेलाचं १०३ ते १२०. मोहरीचं ९६ ते ११२. ऑलिव्हचं ७५ ते ९४ आणि सूर्यफुलाचं १०० ते १४५.

खोबरेलातल्या दहापैकी नऊ साखळ्या संपृक्त आहेत, त्यामुळे त्यातून कितीही तास ओझोन सोडला तरी बराचसा ओझोन नुसता बुडबुड्यांतून निघून जाणार. बाजारात 'ओझोनेटेड कोकोनट ऑइल' मिळतं आणि मराठी माणसाचा हात खोबरेलाकडे आपसूक जातो. पण त्यात बांधला गेलेला ऑक्सिजन तिळाच्या तेलाच्या तुलनेत फारच थोडा असणार, हे रसायनशास्त्र आधीच सांगून ठेवतं. खोबरेल त्वचेला मऊ ठेवायला उत्तम आहे. या कामासाठी ते योग्य नाही.

तीळ मात्र फार चांगलं. त्यात ओलेइक आणि लिनोलेइक ही दोन असंपृक्त मेदाम्लं मिळून चार-पंचमांशाहून जास्त असतात. इटलीतल्या सिएना विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या प्रयोगांसाठी तिळाचं तेलच निवडलं होतं.

मोहरीची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. आपल्याकडच्या मोहरीच्या तेलात ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास इरुसिक नावाचं २२ कार्बनांचं मेदाम्ल असतं. त्यात दुहेरी बंध आहे, म्हणजे ओझोनला जागा आहे. ओझोन तो बंध तोडतो तेव्हा साखळीचे ९ आणि १३ कार्बनांचे तुकडे पडतात. रसायनाच्या कारखान्यात याच मार्गानं इरुसिक आम्लापासून नायलॉनला उपयोगी पडणारं ब्रासिलिक आम्ल करता येतं. पण कारखान्याला चालतं ते त्वचेला चालेलच असं नाही. मोहरीच्या तेलाला झणका देणारं अलाइल आयसोथायोसायनेट त्वचेला चुरचुरतं. २००२ मध्ये डार्मस्टाट आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या इजा झालेल्या त्वचेवर वेगवेगळी तेलं लावून पाहिली, तेव्हा सूर्यफुलाच्या तेलानं त्वचेचं संरक्षक आवरण लवकर सावरलं आणि मोहरीच्या तेलानं ते सावरायला उशीर लावला. त्याच संशोधकांनी ढाक्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सूर्यफुलाच्या तेलाचं मालिश मिळालेल्या बाळांना रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं. तिथे ओझोनचा काही संबंध नव्हता, साधं तेल होतं. धडधाकट माणसानं थंडीत अंगाला मोहरीचं तेल चोळणं वेगळं आणि चिघळलेल्या कातडीवर ते लावणं वेगळं. म्हणून आपल्या भागात ते मुबलक आणि स्वस्त असलं, तरी जखमेवरच्या औषधासाठी आधारतेल म्हणून मी तिळाकडेच बोट दाखवीन.

शिवाय तेल शुद्ध हवं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळल्यामुळे ६० हून अधिक माणसं दगावली. धोत्र्याच्या तेलातलं विष कातडीतूनही थोडंफार आत जाऊ शकतं. ओझोन सोडल्यानं भेसळ नाहीशी होत नाही.

मग हे खवट तेलच की!

इथे स्वयंपाकघरातला जाणता माणूस अडवील, आणि त्याचं अडवणं रास्त आहे. डब्याच्या तळाशी राहिलेलं तेल खवट होतं तेव्हाही हवेतला ऑक्सिजन दुहेरी बंधांपाशीच चिकटतो, हायड्रोपेरॉक्साइड बनतात, साखळ्या तुटतात, अल्डिहाइडांचा वास सुटतो. ओझोनेटेड तेलालाही तसाच उग्र वास असतो. मग खवट तेल लावलं म्हणून काय बिघडलं?

दोन्ही एकाच कुळातले पदार्थ आहेत, हे खरं. पण खवटपणा महिनोन्‌महिने, उजेड-उष्णता-धातूचा डबा यांच्या मर्जीनं चालतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो आणि शेवटी काय किती तयार झालं याचा पत्ता नसतो. त्यात ओझोनाइडाचं कडंही बनत नाही. ओझोन थेट दुहेरी बंधावर जातो, ठरावीक वेळात, ठरावीक तापमानाला, आणि काय बनतंय ते मोजता येतं.

मोजायची रीत दोन्हीकडे एकच. तिला पेरॉक्साइड मूल्य म्हणतात. तेलात पोटॅशियम आयोडाइड घातलं की त्यातले पेरॉक्साइड आयोडीन मोकळं करतात. स्टार्च घातल्यावर ते गडद निळं दिसतं. मग थायोसल्फेटचं द्रावण थेंबाथेंबानं घालून तो रंग घालवायचा आणि किती थेंब लागले त्यावरून हिशेब करायचा. बारावीच्या प्रयोगशाळेतली सामग्री पुरते. ओझोनाइड मात्र आयोडाइडशी सावकाश बोलतं, त्यामुळे घाईनं मोजलं तर आकडा खोटा कमी येतो.

खाद्यतेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात रिफाइंड तेलाचं पेरॉक्साइड मूल्य १० च्या वर गेलं की ते खाण्यालायक धरत नाहीत. ओझोनेटेड तेलात हाच आकडा शेकड्यांत किंवा हजारांत असतो. स्वयंपाकघरात जो आकडा तेल फेकायला लावतो, तोच इथे औषधाची मात्रा सांगतो. हे तेल पोटात घ्यायचं नाही, याचं यापेक्षा सरळ कारण मला देता येणार नाही.

आणि मात्रा इथे किती निर्णायक आहे! सिएनाच्या संशोधकांनी २०११ मध्ये केस नसलेल्या उंदरांच्या जखमांवर तीन ताकदींचं ओझोनेटेड तिळाचं तेल लावलं. पेरॉक्साइड मूल्य १००० च्या खाली असलेल्या तेलानं जखम भरायला उशीर झाला. ३००० च्या वरच्या तेलानंही उशीरच झाला. १५०० च्या आसपासचं तेल लावलेली जखम सर्वांत लवकर मिटली. एकच तेल, एकच वायू, आणि आकडा इकडे-तिकडे झाला की परिणाम उलटा. माझ्या मते या साऱ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग आहे, कारण त्यानं 'ओझोनेटेड तेल चांगलं की वाईट' हा प्रश्नच निकालात काढला. किती ताकदीचं, हे सांगितल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थ नाही.

जंतूचं काय होतं

बहुतेक प्रतिजैविकं जंतूच्या एखाद्या ठरावीक कामावर घाव घालतात: भिंत बांधणं, प्रथिनं बनवणं, असं काहीतरी. जंतूनं तेवढी एक जागा बदलली की औषध निकामी. ओझोनाइडातून निघणारे पेरॉक्साइड असा नेम धरत नाहीत. ते जंतूच्या बाहेरच्या पडद्यातल्या मेदाचं ऑक्सिडीकरण करतात, पडद्याला भोकं पडतात. आतल्या प्रथिनांमधल्या गंधकाच्या जागा बिघडवतात, विकरं काम थांबवतात. एकाच वेळी इतक्या ठिकाणी मार बसला की एखाद-दुसऱ्या बदलानं सुटका होणं जंतूला अवघड जातं. आपल्या पांढऱ्या पेशीही जंतूला गिळल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडच सोडतात, म्हणजे शरीरालाही ही रीत परकी नाही.

मग आपल्या पेशी कशा वाचतात? त्यांच्याकडे कॅटलेजसारखी विकरं आणि ग्लुटाथायोन नावाचा रेणू असतो, जे पेरॉक्साइड निष्प्रभ करतात. थोडासा मारा झाला की त्वचेच्या पेशी आपला हा बचाव वाढवतात आणि दुरुस्तीचं काम सुरू करतात. मारा जास्त झाला की त्याही मरतात. सिएनाच्या उंदरांमध्ये दिसलं ते हेच. काही जंतूंकडेही कॅटलेज असतं आणि जाड चिकट थराखाली लपलेल्या जंतूंपर्यंत तेल पोहोचत नाही, त्यामुळे मेलेली कातडी आणि पू साफ न करता वरून तेल चोपडण्यात अर्थ नाही.

२००१ मध्ये इटलीतल्या सासारी विद्यापीठातल्या सेकी आणि सहकाऱ्यांनी क्यूबात बनलेलं ओझोनेटेड सूर्यफूल तेल निरनिराळ्या जिवाणूंवर तपासलं. वाढ थांबवायला दर मिलिलिटरला १.१८ ते ९.५ मिलिग्रॅम तेल लागलं. क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातले, म्हणजे मायकोबॅक्टेरिया, त्यात सर्वांत लवकर हरले. हे काचेच्या बशीतलं यश आहे, हे विसरायचं नाही. प्रतिजैविकांच्या मानानं हा डोस बराच मोठा आहे. पण तेल कातडीवर थेट लावायचं असल्यामुळे एवढी मात्रा तिथे पोहोचवणं शक्य असतं.

माणसांवर काय दिसलं

या तेलाचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास झाला तो क्यूबात. हवानाच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रात 'ओलिओझोन' हे ओझोनेटेड सूर्यफूल तेल विकसित झालं. नव्वदच्या दशकात सोव्हिएत मदत थांबली, अमेरिकेची नाकेबंदी होतीच, आयात औषधं मिळेनात. देशात बनेल असं स्वस्त औषध हवं होतं. गरजेपोटी झालेलं हे संशोधन आहे आणि त्याबद्दल मला आदर वाटतो.

२००२ मध्ये मेनेंदेझ आणि सहकाऱ्यांनी पायाच्या बोटांमधल्या बुरशीच्या २०० रुग्णांवर तुलना केली. अर्ध्यांना ओलिओझोन, अर्ध्यांना केटोकोनॅझोलचं २ टक्के क्रीम. तेलानं ७५ टक्के पूर्ण बरे झाले, क्रीमनं ८१ टक्के. फरक दखल घेण्याजोगा नव्हता. एका साध्या तेलानं प्रस्थापित औषधाची बरोबरी केली.

२०११ मध्ये त्याच गटानं नखांच्या बुरशीच्या ४०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला: तेलानं ९०.५ टक्के बरे, केटोकोनॅझोल क्रीमनं १३.५ टक्के. हा आकडा जाहिरातींत फार फिरतो. पण केटोकोनॅझोलचं क्रीम नखाच्या आत फारसं शिरतच नाही, हे त्वचातज्ज्ञांना आधीपासून ठाऊक आहे. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी केलेली ही तुलना आहे, आणि औषध विकसित करणाऱ्या देशातच झालेली. नखाच्या बुरशीवर दिल्या जाणाऱ्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांसमोर हे तेल उभं करून पाहिल्याशिवाय ९० टक्क्यांवर विश्वास टाकणं बरं नाही.

आता मधुमेहाच्या पायाच्या जखमेकडे वळू. ओझोनचे सगळ्यात मोठे दावे इथेच होतात आणि चुकीची किंमत इथेच सगळ्यात मोठी असते. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. ओझोन उपचारांचा तिनं २०१५ मध्ये आढावा घेतला तेव्हा हाती लागल्या तीन चाचण्या, मिळून २१२ रुग्ण. उपयोग होतो असं म्हणण्याजोगा पुरावा त्यातून निघाला नाही. मधुमेही माणसाला पायाची संवेदना कमी असते. जखम आत हाडापर्यंत गेलेली त्याला कळत नाही. अशा पायावर घरी तेल लावत दोन आठवडे वाट पाहणं म्हणजे पाय गमावण्याची तयारी करणं. ग्वाल्हेरच्या जयारोग्य रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा सर्जरी विभाग कोणत्याही तेलाआधी गाठावा.

तरीही या तेलाकडे आज गांभीर्यानं पाहायला हवं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण नायटा. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात नायटा पूर्वीसारखा राहिलेला नाही. मांडीच्या सांध्यापासून कमरेपर्यंत, घरातल्या एकापासून सगळ्यांना, औषध थांबलं की पुन्हा. स्टिरॉइड मिसळलेली मलमं दुकानातून चिठ्ठीशिवाय घेऊन लावल्यानं खाज थांबते आणि बुरशी पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारला अशा अनेक स्टिरॉइड मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंदी घालावी लागली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय उपखंडातल्या रुग्णांत सापडलेल्या बुरशीला नवं नाव दिलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन हे नायट्याचं मुख्य औषध जिथे काम करतं, तीच जागा या बुरशीच्या अनेक वाणांनी बदलून टाकली आहे. अनेक ठिकाणी एकदम मारा करणारं, कातडीवर लावण्याचं स्वस्त औषध अशा बुरशीवर तपासून पाहण्याजोगं आहे.

ओझोनच्या रसायनातून त्वचेचं एक औषध तर केव्हाच आपल्या हाती आलं आहे. ओलेइक आम्लाच्या साखळीवर ओझोन सोडून तिचे दोन तुकडे केले की ९ कार्बनांचं अझेलेइक आम्ल मिळतं. मुरुमांसाठी डॉक्टर लिहून देतात त्या २० टक्के क्रीममधलं औषध हेच. फरक एवढाच, की तिथे तुकडे वेगळे करून, शुद्ध करून, मोजून ट्यूबमध्ये भरलेले असतात.

---

चौकट: बाटली हाती आली तर

आधारतेल कोणतं ते पाहा. तीळ, सूर्यफूल, ऑलिव्ह चालेल, खोबरेलात ओझोनला जागाच थोडी. वेष्टनावर पेरॉक्साइड मूल्य आणि बनवल्याची तारीख नसेल तर त्या तेलाची ताकद किती हे कुणालाच सांगता येणार नाही. लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. डोळ्यांत, नाकात, तोंडात, कानात घालू नका, पिऊ नका, गरम करू नका. 'कॅन्सर', 'मधुमेह', 'रक्तशुद्धी' असे शब्द वेष्टनावर असतील तर बाटली दुकानदाराला परत द्या. खोल जखम, पसरती सूज, ताप, मधुमेहाचा पाय, लहान बाळ यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. चालू औषधं या तेलासाठी बंद करू नका.

---

ग्वाल्हेरचा मे महिना

राखेखालचा विस्तव उघडा पडला की विझतो. ओझोनाइडंही ऊब आणि उजेड यांनी हळूहळू मोडत जातात. जखमेवर जे व्हायला हवं ते फडताळात होऊन बसतं. चांगले उत्पादक तेल गडद काचेत भरतात आणि फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात, ते याचसाठी. आता आपल्याकडचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, मालमोटारीच्या बंद पेटीत त्याहून वर. बाटली कारखान्यातून निघाली तेव्हा पेरॉक्साइड मूल्य १५०० असेलही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दुकानात येऊन महिनाभर काचेच्या कपाटात उन्हाकडे तोंड करून बसल्यावर ते किती उरलं, हे मुदतीच्या तारखेवरून कळत नाही. सिएनाच्या प्रयोगात १००० च्या खालच्या तेलानं जखम उलट लांबवली होती, हे इथे आठवावं. थंडीत घेतलेलं आणि फ्रिजमध्ये ठेवलेलं तेल आणि जूनमध्ये दुकानातून उचललेलं तेल यांना एकच औषध म्हणता येत नाही.

हल्ली घरगुती ओझोन यंत्रंही मिळतात आणि घरीच तेल बनवण्याचे व्हिडिओ पाहून लोक प्रयत्न करतात. हे करू नये. साध्या हवेवर चालणारं यंत्र हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रोजनची ऑक्साइडंही बनवतं, ती तेलात जातात. कारखान्यात शुद्ध कोरडा ऑक्सिजन वापरतात, तापमान आवरतात आणि तेलातून निसटलेला ओझोन बाहेर सोडण्याआधी नष्ट करतात. स्वयंपाकघरात तो खोलीभर पसरतो आणि घरातल्या दमेकऱ्याला, लहान मुलाला आधी लागतो. वास येईनासा झाला म्हणजे ओझोन गेला असंही नाही. नाक त्याला थोड्याच वेळात सरावतं.

आपल्या शहरात या प्रश्नाचा नीट तपास करण्याजोगं सगळं आहे. १९४६ पासून चालत आलेलं गजराराजा मेडिकल कॉलेज आहे, त्याच्या त्वचारोग विभागात हट्टी नायट्याचे रुग्ण रोज येतात. तेलबियांवर काम करणारं राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ आहे. पंचक्रोशीत तीळ पिकतो. तुलना अशी करता येईल: एकीकडे एका ताकदीचं, म्हणजे मोजून ठेवलेल्या पेरॉक्साइड मूल्याचं तिळाचं तेल, दुसरीकडे नुसतं तिळाचं तेल, तिसरीकडे इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध. बुरशी प्रयोगशाळेत ओळखून घेतलेली. आणि बाटल्या एकदा फ्रिजमध्ये, एकदा ४५ अंशांत ठेवून दर आठवड्याला पुन्हा मोजलेल्या. मोजायला लागणार ते पोटॅशियम आयोडाइड, थायोसल्फेट आणि चिमूटभर स्टार्च.